सोमवारी बंद पडणारा कॅमेरा

ऑफिसचा नंबर घरी वापरू नका, असं किशोरनं लॅपटॉप हातात देतानाच पायलला सांगितलं होतं. किशोर म्हणजे अमरावतीत राजापेठेतल्या त्या सी.ए.च्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं पाहणारा माणूस. तो एकदा सांगायला लागला की थांबत नसे, म्हणून त्याचं निम्मं ऐकायचं आणि निम्मं सोडून द्यायचं, अशी ऑफिसात रीतच पडली होती. त्यानं पायलला सेटिंगमधलं एक पान उघडून दाखवलं. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनला एक ठरलेला नंबर हातानं भरून दिलेला असे. पायलच्या नंबराच्या शेवटी वीस. तो असला तरच सर्व्हर तिला ओळखणार, तरच प्रिंटर कागद सोडणार. घरी गेलं की त्याच पानावर 'ऑटोमॅटिक' करायचं, म्हणजे घरचा राउटर जो मोकळा असेल तो नंबर आपला आपण देतो. ऑफिसात आलं की पुन्हा वीस.

"मॅडम, घरच्या राउटरनं हाच नंबर दुसऱ्या कोणाले देऊन ठेवला असला ना, तं दोघायचं भांडण लागते," किशोर म्हणाला होता. "अन् भांडणात जो गरीब, तो मरते."

पायलनं मान डोलावली आणि चार दिवस ते इमानेइतबारे केलंही. मग एका संध्याकाळी गडबडीत राहून गेलं, आणि पाहते तर घरीही नेट धडधडीत चालू. तिला हसू आलं. किशोरभाऊंची सगळ्याला भीती घालायची सवयच आहे, असं म्हणून तिनं ते पान पुन्हा उघडलं नाही. ज्या कामाला पाच खिडक्या उघडाव्या लागतात आणि जे न करून काही बिघडत नाही, ते काम माणूस किती दिवस करणार? त्यातून ज्या बाईचं लेकरू दीड वर्षाचं आहे आणि तेही दुसऱ्या गावी आहे, ती तर नाहीच करणार.

एरवी पायल बेफिकीर होती असं कोणी म्हणू नये. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती ते लेकीच्या तोंडात देत नसे. खुशी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बघे. पण नोकरी सोडता येत नव्हती. नवरा सुगत वीज कंपनीत होता, पोस्टिंग अचलपूरला, सकाळी एस.टी.नं जायचा तो दिवेलागणीला परत. अमरावतीचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचे गुडघे दुखणारे. म्हणून खुशीच आजीकडे अकोल्याला राहायला गेली. शनिवारी संध्याकाळी ही दोघं बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यायची आणि सोमवारी पहाटे, खुशी झोपेत असतानाच, निघायची. जागी झाली की गळ्यात पडेल, मग पाय निघणार नाही.

सासूबाई म्हणजे केशरबाई. नवरा नोकरीत असताना गेला, म्हणून पाटबंधारे खात्यात त्याच्या जागेवर शिपाई म्हणून लागल्या आणि तिथंच रिटायर झाल्या. कौलखेडातलं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. बोलायला तिखट, पण हाताला मऊ. खुशीला त्या अशा काही न्हाऊ घालायच्या की पोर पाण्यातच पेंगायला लागे.

कॅमेरा हा पायलचा हट्ट. ऑनलाइन मागवला, स्वस्तातला, मुठीएवढा. सुगतनं तो मागच्या खोलीत सज्जाखाली बसवला आणि पोरीचा हात पुरू नये म्हणून प्लगही वरच्या बोर्डातच लावला. केशरबाई पलंगावर बसून हे सगळं बघत होत्या. जन्म गेला साहेबाच्या दारासमोर बाकड्यावर बसून, म्हणाल्या, घंटी वाजली का उठाचं; आता घरातबी डोया लावला. पण त्या हसत म्हणाल्या, म्हणून सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पायलनं ऑफिसातून फोन उघडला आणि तिला पलंगावर पाय चोखत पडलेली खुशी दिसली. तिला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं. तेव्हापासून चहा घेता घेता, प्रिंट निघेपर्यंत, गजेंद्र सर केबिनमधून बाहेर यायच्या आत, जमेल तेव्हा ती बघून घ्यायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण मग सोमवारी कॅमेरा बंद पडायला लागला.

पहिल्यांदा तिला काही वाटलं नाही. फोनवर चित्राच्या जागी काळी चौकट आणि 'ऑफलाइन' अशी अक्षरं. तिनं केशरबाईंना फोन लावला.

"आई, कॅमेरा बंद केला का?"

"मी कायले करू? लाल लाल लुकलुक करून राहिला तो."

प्लग काढून पुन्हा लावा, पायल म्हणाली. फोन तिकडं पलंगावर ठेवला गेला. काहीतरी ओढल्याचा आवाज आला, खुशीचं रडणं जवळ आलं, लांब गेलं, मग धापा टाकत केशरबाई म्हणाल्या, "आला का वं?" चौकटीत खोली उगवली. आला, असं सांगून पायल कामाला लागली.

पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. मंगळवार ते शनिवार कॅमेरा गुणी बाळासारखा चाले, आणि सोमवारी सकाळी पाहावं तर काळी चौकट. रविवारी तो चालू असतो की नसतो, हे कोणाला माहीत नव्हतं, कारण रविवारी सगळे घरातच. खुशी मांडीवर असताना तिला फोनमध्ये कोण बघणार?

आणि रविवारी पायल काय करायची, तर दुपारी खुशी झोपली की पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. मार्च लागला होता. सी.ए.च्या ऑफिसात मार्च म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखं. अकोल्याला लॅपटॉपला नेट लागताना कधी कधी कुरकुर व्हायची; कोपऱ्यात काहीतरी पिवळं येऊन जायचं, ते ती न वाचताच बंद करायची. वायफाय एकदा बंद करून चालू केलं की लागायचं. जुनं घर, जाड भिंती, असं तिनं मनात धरलं होतं.

संशय कसा वाढतो, ते ज्याच्या मनात वाढला त्यालाच ठाऊक. आधी तिनं सुगतला सहज म्हणून विचारलं. तो अचलपूरच्या बसमध्ये अर्धवट झोपेत होता. मशीन आहे, पडतं बंद, म्हणाला.

"मशीनला सोमवार कळतो का?" पायल म्हणाली.

तो पुन्हा पेंगायला लागला. तिला मात्र उत्तर सुचत गेलं. सोमवारी काय असतं? दोन दिवस आई जवळ असते आणि सोमवारी उठून पाहावं तर नसते, म्हणून त्या दिवशी खुशी सगळ्यात जास्त रडते. रडणाऱ्या पोरीला सांभाळताना आजी काय करत असेल? ओरडत असेल? हातात मोबाइल देऊन बसवत असेल? की कडी लावून जमुनाकाकूंकडे गप्पा मारायला जात असेल? जे सुनेनं पाहू नये असं काही असल्याशिवाय त्याच दिवशी कॅमेरा कशाला बंद होईल? बाकड्याचं ते बोलणं तिला आठवलं, आणि आता त्यातलं हसणं तेवढं आठवेना.

मग तिनं एक गोष्ट केली. शेजारच्या जमुनाकाकूंना फोन केला. जमुनाकाकूंचं शेत गावाकडं, पोरांच्या शिक्षणासाठी त्या अकोल्यात येऊन राहिलेल्या, आणि केशरबाईंशी त्यांची वाटीभर साखरेपासून दवाखान्यापर्यंतची देवघेव. पायल त्यांना म्हणाली, काकू, सोमवारी जरा डोकावून या, खुशी काय करते, आई काय करतात. आईंना सांगू नका. जमुनाकाकू बरं म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरूनच पायलला कळायला हवं होतं की हे त्यांना आवडलेलं नाही. पण आपल्याला जे ऐकायचं नसतं ते आपण फोनच्या रेंजवर ढकलतो.

त्याच सोमवारी संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉल केला, तर खुशीच्या हनुवटीवर खरचटलेलं. लांब, ताजं, वर हळद लावलेली.

"हे काय झालं?"

"दाराले लागलं," केशरबाई म्हणाल्या आणि फोन पोरीच्या हातात देऊन टाकला. पडद्यावर छत दिसायला लागलं.

त्या रात्री पायल जेवली नाही. गाडगेनगरात करिश्मा नावाची एक शिकलेली बाई पाळणाघर चालवायची. पायलनं तिच्याशी बोलून ठेवलं. सुगत म्हणाला, एकदा आईला नीट विचार तरी. विचारलं की, ती म्हणाली, दर सोमवारी विचारते. तो गप्प बसला. गप्प बसला, हे त्याचंही चुकलं. पण आईच्या आणि बायकोच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला बोलायला जागा फार थोडी असते.

दुसऱ्या दिवशी पायलनं फोनवर सांगितलं की बुधवारी मी येते आणि खुशीला काही दिवस अमरावतीला नेते. कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही, काढायची गरजही नव्हती.

"बरं," केशरबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "स्वेटर देऊ का तिचे? आता ऊन तापलं, नाही लागणार म्हणा."

बुधवारी ती एकटीच आली. सुगतला सुट्टी नव्हती. गजेंद्र सरांनी रजा दिली ती या बोलीवर, की एका व्यापाऱ्याचं रिटर्न दुपारपर्यंत अकोल्यातून भरून टाकायचं. म्हणून लॅपटॉप बरोबर होता. घरात शिरताच तिला भिंतीशी ठेवलेली पिशवी दिसली. खुशीचे फ्रॉक घडी करून, वर तिची लाकडी बाहुली, आणि एका डब्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ. केशरबाई बसूनच होत्या. ये म्हणाल्या, जेवून घे म्हणाल्या, सांबारवडी केली आहे म्हणाल्या. अमरावतीला ज्याला कोथिंबीरवडी म्हणायची शहरी सवय लागते, ती अकोल्याला अजून सांबारवडीच आहे. दोघीही खुशीशी बोलत राहिल्या आणि एकमेकींशी नाही.

जेवणानंतर खुशी आजीजवळ मागच्या खोलीत झोपली. पायल पुढच्या खोलीत येऊन बसली. पिशवी समोरच होती. तिनं लॅपटॉप बाहेर काढला आणि सवयीनं फोन त्याला टेकवून कॅमेरा लावला. मधे एक भिंत तेवढी, तरी लावला. चित्र स्वच्छ होतं. केशरबाई पाय लांब करून भिंतीला टेकून बसलेल्या, खुशीचं डोकं त्यांच्या मांडीवर, आणि त्यांचा हात पोरीच्या पाठीवर थोपटत होता. पायल जरा वेळ बघत राहिली. मग तिनं लॅपटॉप उघडला, नेट लागेना म्हणून वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं, आणि कामाला हात घातला.

फोनमधला थोपटणारा हात वरच्या वर थांबला. चित्र गोठलं होतं. मग चौकट काळी झाली. ऑफलाइन.

पायलच्या मनात आलं, म्हणजे मी घरात असतानाही. सोमवारची गरजही उरली नाही आता. ती उठली आणि चपला वाजू नयेत म्हणून अनवाणी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

केशरबाई जिथं होत्या तिथंच होत्या. पाय तसेच लांब, खुशीचं डोकं तसंच मांडीवर. डोळे मिटलेले. हात अजून थोपटत होता, झोपेत थोपटतात तसा, हळू. आणि वर सज्जाखाली, त्यांच्या हातापासून पुरुषभर उंच, कॅमेरा लाल लुकलुकत होता.

पायल दारातच उभी राहिली. मग पुन्हा पुढच्या खोलीत आली आणि लॅपटॉपकडं असं पाहायला लागली जसं घरात शिरलेल्या परक्या माणसाकडं पाहावं. कोपऱ्यातली पिवळी पट्टी अजून गेलेली नव्हती. तिनं ती पहिल्यांदा वाचली. या नेटवर्कवर हाच नंबर दुसऱ्या यंत्राकडं आहे, एवढंच लिहिलेलं होतं.

तिनं लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. मागच्या खोलीत आली. प्लग वर होता. तिचा हात पोचेना. पलंगाखालून स्टूल ओढलं, ते एका पायानं डगमगत होतं, त्याच्यावर चढून टाचा उंचावल्या तेव्हा कुठं बोटं लागली. प्लग काढून लावला. फोनवर खोली परत आली. मग पुढच्या खोलीत जाऊन लॅपटॉपला नेट जोडलं. खोली गेली. पुन्हा सगळं केलं, पुन्हा गेली. आता तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती. तिला किशोरचं ते बोलणं शब्द न् शब्द आठवलं होतं. घरच्या राउटरनं वीस नंबर कॅमेऱ्याला देऊन ठेवला होता. दर रविवारी पायलचा लॅपटॉप तोच वीस नंबर सांगत घरात शिरायचा आणि बिचारा स्वस्तातला कॅमेरा बाजूला पडायचा. सोमवारी लॅपटॉप निघून गेला तरी त्याला उठता येत नसे, कोणी प्लग काढून लावेपर्यंत.

कोणी. तिला एकदम ते स्टूल आठवलं.

ती मागे आली तेव्हा खटपटीनं केशरबाई जाग्या झाल्या होत्या.

"आई, दर सोमवारी तो प्लग तुमी कसा काढता?"

केशरबाईंनी हनुवटीनंच स्टूल दाखवलं.

"अन् खुशी कुठं असते तेव्हा?"

"कडेवर. खाली ठेवली का टाहो फोडते. सोमवारी लय रडते ती. दारापाशी जाऊन बसते, तुही चप्पल घेऊन."

पायल म्हणाली, पाय दाखवा. केशरबाई कशाला म्हणाल्या. पायलनं पुन्हा म्हटलं. सकाळपासून त्या एकदाही तिच्यासमोर उठल्या नव्हत्या, ताटसुद्धा बसूनच वाढलं होतं, हे तिला आत्ता दिसत होतं. दिवसभर ती पोरीची हनुवटी बघत होती. केशरबाईंनी साडी घोट्याशी दाबून धरली, आणि मग काय मनात आलं, सोडून दिली. गुडघा सुजून तुकतुकीत झाला होता. खाली पोटरीपर्यंत काळंनिळं उतरलेलं.

"पडली मी," त्या म्हणाल्या, जशी दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी. "स्टूल सरकलं. पोरीले वर धरून ठेवली, पण कपाटाचा कोपरा लागला तिच्या हनुवटीले."

"तुमी तं दाराचं सांगितलं."

"सांगतलं."

"काहून, आई?"

"मंग काय सांगू? कॅमेरा दिसला नाही तं तू जमुनाले पाहाले पाठवते. मी पोरगी घेऊन पडली म्हटलं असतं तं त्याच गाडीनं आली असती तू." त्या जराशा हसल्या. "आता बी आलीच म्हणा."

म्हणजे जमुनाकाकूंचंही त्यांना कळलं होतं. पायलला जमिनीत जावंसं वाटलं. तिनं सांगायला सुरुवात केली, की कॅमेरा मी बंद करत होते, माझ्या लॅपटॉपनं होत होता, ऑफिसचा नंबर मी घरी आल्यावर बदलत नव्हते. केशरबाईंना काही उमगेना. पायलनं बसचं सांगितलं. समजा एस.टी.त वीस नंबरची सीट एकाला दिली आहे, तो बसलेला आहे, आणि मधल्या स्टॉपला दुसरा चढतो, त्याच्याही तिकिटावर वीसच.

केशरबाईंनी नीट ऐकून घेतलं. एस.टी.चा विषय त्यांच्या आवाक्यातला होता.

"मंग जो आधीपासून बसून होता," त्या म्हणाल्या, "त्याले काहून उठवलं?"



खुशी कूस बदलून पुन्हा झोपली. केशरबाई तिच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिल्या आणि पायलकडं न बघताच म्हणाल्या, "पोरगी ने तू. माय हायेस, तुहा हक्क हाय. पण मी बंद करत होती म्हणून नको नेऊ. ते नाव मले नको लावू. साहेबानं सुदिक कधी लावलं नाही."

पायलनं तिथंच बसून सुगतला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आईनं कॅमेरा कधीच बंद केला नव्हता, मी करत होते, ती म्हणाली. आणि आई पडल्यात, गुडघा सुजलाय, तू आजच ये. सुगत म्हणाला, थांब थांब, कोणी बंद केला? मी, पायल पुन्हा म्हणाली. मग ती उठून जमुनाकाकूंकडं गेली आणि त्यांच्या ओट्यावर दोन बायका हरभरा सोलत होत्या तरी थांबली नाही, त्यांच्यासमोरच सांगितलं. जमुनाकाकूंनी टोपली बाजूला सारली.

"मी त्याच दिवशी केशरले सांगून टाकलं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "तिच्या घरात चोरावानी डोकावणं मले जमत नाही. बस, पाणी पी."

पायल पाणी प्यायली. रडूही तिथंच आलं, परक्या ओट्यावर.

व्यापाऱ्याचं रिटर्न त्या दिवशी राहिलं. गजेंद्र सर फोनवर जे बोलायचं ते बोलले. संध्याकाळी सुगत आला, ऑटोत घालून केशरबाईंना हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. हाड शाबूत होतं, पण आतून ताण बसला होता, पंधरवडाभर पाय टेकायचा नाही असं निघालं. आता खुशीचं काय, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्यानं विचारला नाही. पायलनं गजेंद्र सरांना सांगून मार्चअखेरपर्यंत अकोल्यातूनच काम करायचं ठरवलं. किशोरनं फोनवर ऑफिसच्या सर्व्हरला बाहेरून जोडायचं शिकवलं, आणि तो सेटिंगचं पान उघडा म्हणायच्या आत ती म्हणाली, ऑटोमॅटिक केलंय. तो चकित होऊन गप्प बसला. ऑफिसातल्या कोणी ऐकलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

भिंतीजवळची पिशवी दोन दिवस तशीच होती. तिसऱ्या दिवशी खुशीनंच त्यातले फ्रॉक ओढून घरभर केले आणि मग ते कपाटात गेले. करिश्माताईंना फोन करून पायलनं नको म्हणून सांगितलं. सुगतनं कॅमेऱ्याची वायर लांबवून बटण केशरबाईंच्या कमरेएवढ्या उंचीवर आणलं. आई, म्हणाला, आता खरंच बंद करावासा वाटला तर बसल्या बसल्या कर. केशरबाई म्हणाल्या, करनच. पायलनं काढूनच टाकू का म्हणून विचारलं होतं, तर नको म्हणाल्या, पोरगी दिसली नाही तं तुले भाकर गोड लागत नाही, मले मालूम हाय. सगळं माफ झालं असं मात्र समजू नका. अजूनही एखाद्या सोमवारी फोनवर त्या सुरुवात करतात, "मी बंद नाही केला वं," आणि पायलला हसावं की नाही ते कळत नाही.

एप्रिलात ती अमरावतीला परतली. खुशी अकोल्याला राहिली. आता ऑफिसातून पायल आधी फोन लावते आणि पाय कसा आहे विचारते, कॅमेरा त्यानंतर. केशरबाई वैतागतात. "पोरगी पाहाली का आज? सारखी पायाचं विचारते. माय हाय का डॉक्टर तू?" पायल म्हणते, चालून दाखवा. त्या शिव्या घालत उठतात आणि पलंगापासून दारापर्यंत चालून दाखवतात.

तर तुमचंही लेकरू जर या घडीला कोणाच्या मांडीवर असेल, आईच्या, सासूच्या, मोठ्या जावेच्या, आणि तुम्ही त्याला फोनमध्ये पाहून निवांत झाला असाल, तर त्या चित्राच्या कडेला जिचं नुसतं कोपर दिसतं आहे, त्या बाईला आज एक फोन लावा. लेकराचं नंतर विचारा. तिचे गुडघे विचारा, जेवली का ते विचारा. काही नाही झालं मले, असं ती म्हणेलच. तिच्या म्हणण्यावर जाऊ नका. उठून चालून दाखवायला सांगा.